‘नको’ लिहिलेली बाजू

लग्नात नवरदेव उशिरा आला तर लोक वाट बघतात. भटजी उशिरा आले तर नवरीचा बाप घड्याळाकडे बघतो. स्पीकरवाला उशिरा आला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांत मी माझ्या पिढ्यांचा इतका उद्धार करून घेतला आहे, की आमच्या घराण्यातलं कुणी आता दोजखात उरलं असेल असं मला वाटत नाही.

मला सगळे बाबूभाई स्पीकरवाले म्हणतात. मूळ गाव मांडवगण फराटा. वडिलांनी दौंडला सायकलदुरुस्तीचं दुकान टाकलं आणि आम्ही दौंडकर झालो. दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा, असा निरोप आला तेव्हा मी खुशीत वही घेऊन बसलो. कुठल्या आमदाराच्या सभेत माइक बंद पडला, कुठल्या मांडवात करवल्यांची भांडणं झाली, अशी दहा-बारा प्रकरणं जुळवली. माझी बायको शकीला चहा ठेवता ठेवता म्हणाली, “हे तर तुम्ही सगळ्या गावाला सांगितलंय. त्या तबकडीचं लिहा.” म्हणून तेच लिहितो.

आधी धंदा समजून घ्या. बाहेरून तो सोपा दिसायचा. लिंबाच्या झाडावर भोंगा बांधा, तबकडी लावा आणि विडी ओढत बसा. मांडवात ते खरंही होतं. खरी परीक्षा वरातीची. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बॅटरी, ॲम्प्लिफायर आणि तबकड्या वाजवायचं यंत्र. खाली आपले रस्ते. चाक खड्ड्यात गेलं की सुई उडायची आणि नवरदेवाच्या मित्रांचे पाय हवेतच राहायचे. मग पुन्हा उद्धार. काही जण यंत्राखाली भुश्शाची पोती ठेवायचे, काही जण यंत्र मांडीवर घेऊन बसायचे. मी एक अक्कल लढवली. वडिलांच्या दुकानातला सायकलचा जाडसर नट घेतला आणि सुईच्या दांडीवर दोऱ्याने बांधून टाकला. वजनाने सुई तबकडीला अशी धरून बसली, की ट्रॉली ओढ्यात उतरली तरी गाणं हलेना. ‘बाबूभाईची सुई उडत न्हाई’ अशी कीर्ती झाली. त्या नटाचा मला फार गर्व होता.

दुसरी गोष्ट बाजूंची. तबकडीला दोन बाजू. त्यातली एक बहुतेक वेळा नाचायची आणि दुसरी संथ. वरातीत चुकून संथ बाजू लागली तर घात. एकदा न्हावऱ्याकडच्या वरातीत गडबडीत माझ्या हातून तसं झालं. सगळे जागच्या जागी उभे. नवरदेवाचा चुलता ट्रॉलीजवळ येऊन विचारतो, “बाबूभाई, कोन गेलं व्हय?” तेव्हापासून मी संथ बाजूवर कागद चिकटवून त्यावर ‘नको’ असं लिहायला लागलो. ऐकून ठरवायचो असं नाही. अंदाजाने लिहायचो.

आता दौंडच्या रेल्वे कॉलनीत येऊ. तिथे तेव्हा बरीच अँग्लो-इंडियन कुटुंबं होती. ड्रायव्हर, गार्ड, फिटर अशी माणसं. त्यांचा लाकडी फरशीचा एक हॉल होता, त्याला सगळे इन्स्टिट्यूट म्हणत. शनिवारी तिथे नाच असायचा. त्यांचा ॲम्प्लिफायर बिघडला की मला बोलावणं यायचं. मी तेव्हा विशी-बाविशीचा. अशाच एका दुपारी मी यंत्र उघडून बसलो होतो आणि त्यांच्या बँडची तालीम चालली होती. एक फिटर जाड तारांची गिटार वाजवत होता, एक गार्ड ड्रम बडवत होता, तिकीट तपासनीस ट्रम्पेटवर होता. आणि गात होती डोरीन.

डोरीन रेल्वेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांचे फोन जोडायची. तिचा भाऊ जहाजावर होता. तो बंदराबंदरांतून अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या तबकड्या पाठवायचा आणि त्या ऐकून ही मंडळी वाजवायची.

तोवर मला गाणं म्हणजे आधी कानात शिरणारी चीज वाटायची. हे गाणं पायांकडून वर आलं. खालून ती जाड तार काहीतरी हट्टाने पुन्हा पुन्हा बोलत होती. हलगीवाला पहिल्या ठोक्यावर सगळं वजन टाकतो तसा तो गार्ड टाकत होता. ट्रम्पेट मध्येच टोमणा मारल्यासारखं वाजून गप्प बसत होतं. आणि डोरीन गात होती की कुणाला जाब विचारत होती, हे कळत नव्हतं. शब्द एकही समजला नाही. ती खरं बोलते आहे, एवढं समजलं. पाना हातात धरून मी उभाच राहिलो.

“क्या हुआ बाबू? शॉक लगा क्या?” तिने विचारलं.

“लगा, मॅडम,” मी म्हणालो.

पुढे त्या बँडने हौसेने मुंबईला जाऊन स्वतःची एक तबकडी काढली. बशीपेक्षा थोडी मोठी, मोजक्याच प्रती. एका बाजूला जलद गाणं, शंटिंगच्या इंजिनावरचं. दुसऱ्या बाजूला डोरीनने स्वतः रचलेलं गाणं. ती तबकडी मी तिच्याकडे एका लग्नापुरती मागितली. कवठे येमाईला वरात होती आणि मला काहीतरी नवं दाखवायचं होतं. ती आधी हसली. मग तबकडी रुमालात गुंडाळून देत म्हणाली, “संडे को वापस लाना हं, बाबू. और दूसरा साइड भी सुनना. वो मेरा अपना है.”

कवठ्याला मी कुंभाराकडून दोन नवे माठ घेतले. भोंग्यातून खालचा आवाज येत नाही, तो नुसता किरकिरतो. माठाच्या तोंडावर स्पीकर उपडा बसवला की तोच आवाज घुमतो. वेशीजवळ वरात आली आणि मी इंजिनाचं गाणं लावलं. पहिले काही क्षण कुणी हललं नाही. मग नवरदेवाची घोडी पाय टाकायला लागली. शिकवलेली नव्हती ती, घोडीवाला स्वतःच तोंड उघडं टाकून बघत होता. घोडी नाचतेय म्हटल्यावर माणसं कशाला मागे राहतात? नवरदेवाचे आजोबा, ज्यांना सगळे आबा म्हणत, ते काठी टेकत ट्रॉलीपाशी आले.

“बाबूभाई, ह्यो खालून कोन बोलतोय?”

“जाड तार आहे आबा, गिटारीची.”

“तार न्हाई वो. माज्या पोटात वाजतंय. पुन्यांदा लावा.”

त्या दिवशी ते गाणं अकरा वेळा लावलं. गावाची वेस ते मारुतीचं देऊळ हे पाच मिनिटांचं अंतर कापायला वरातीला दोन तास लागले. दुसऱ्या दिवसापासून बोलावणी सुरू झाली. ‘घोडी नाचली ती तबकडी’ आणणार असाल तर या, नाहीतर सामान खाली उतरवूच नका. मांडवगणची वरात सोमवारची होती. घरच्या गावात मिरवायची संधी.

रविवारी मी सायकलवरून कॉलनीत गेलो, रिकाम्या हाताने. डोरीन पायरीवर बसली होती. मी सांगितलं, “टूट गया, मॅडम. ट्रॉली गड्ढे में गई.”

तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “तुझे चोट तो नहीं लगी ना?”

मला चोट लागली नव्हती. तबकडीही फुटली नव्हती. पण एकदा फुटली म्हटल्यावर ती जोडायची कशी, हे मला कळेना. एक-दोन वराती झाल्या की फुटली ती दुसरीच निघाली म्हणून परत देऊ, असं मनाशी म्हटलं. मग मोसम लागला आणि मग दुसरा मोसम. शिरूरचा एक स्पीकरवाला माझ्यामागे हात धुऊन लागला होता. त्याने आपल्या मेहुण्याला पाहुणा म्हणून लग्नात घुसवलं, का तर तबकडीवरचं नाव वाचायला. मग मी पिठाची खळ करून नाव असलेल्या गोल कागदावर, दोन्हीकडून, वहीचा कागद डकवला. एका बाजूला ‘घोडी’ लिहिलं. दुसरी बाजू मी ऐकली नव्हती. जे गाणं त्यांच्या हॉलमध्येही कधी वाजलं नाही, ते संथच असणार, असा अंदाज केला. त्यावर ‘नको’ लिहून टाकलं.

वर्ष-दोन वर्षांत कॉलनीतली घरं एकेक करून रिकामी व्हायला लागली. कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियाला. डोरीनचं लग्न होऊन तीही निघाली. जायच्या आधी ती आमच्या दुकानात आली. तिच्या स्वतःच्या प्रती पत्र्याच्या ट्रंकेत होत्या, त्या उन्हाळ्यात पापडासारख्या वाकल्या आणि घरच्यांनी फेकूनही दिल्या होत्या. तिने विचारलं, “वो टूटा हुआ टुकड़ा रखा है क्या बाबू? नाम वाला टुकड़ा होगा तो भी चलेगा.”

तबकडी माझ्या मागच्या फळीवर, पोत्याखाली होती. हात मागे केला असता तर लागली असती.

“फेंक दिया, मॅडम,” मी म्हणालो.

ती “कोई बात नहीं” म्हणाली आणि गेली. धंद्यात थापा कुणी मारत नाही? बॅटरी उतरली असताना ‘लाइट गेली’ म्हणून मीही खूप वेळा वेळ मारून नेली आहे. त्याचं मला काही वाटत नाही. ह्या एकाचं वाटतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. कॅसेट आली, मग सीडी, मग भिंतीएवढे डीजे. माझे भोंगे भंगारात गेले. तबकड्या मात्र मी दिल्या नाहीत. शकीलाने लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा त्यांच्यासाठी सोडला आणि वर्षानुवर्षं माझ्या नावाने बोटं मोडत तिथली धूळ पुसली.

अलीकडे पुण्याहून जुन्या तबकड्या शोधणारं एक गिऱ्हाईक यायला लागलं. सुमेध नाव, कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो, तिशीचा असेल. सुट्टीच्या दिवशी डेमू गाडीने दौंडला येतो, पायात भारी बूट, पाठीवर पिशवी. तो तबकडी कडांवर धरून उजेडात तिरकी करतो, नाकाशी नेऊन वासही घेतो; ती एक तबकडी मात्र मी त्याला दाखवली नाही. शकीलाला वाटलं, पोरगं चांगलं आहे पण डोक्यात फरक आहे. त्यानेच मला नावं शिकवली. पोटात वाजतं ते फंक आणि काळजातून येतं ते सोल. पन्नास वर्षांपूर्वी मी जे माठातून वाजवलं, त्याला नाव आहे हे मला सत्तरीत कळलं. त्याने सांगितलं, की जगभर लोक ह्या जुन्या तबकड्यांसाठी वणवण करतात आणि जितकी कमी माणसांनी ऐकलेली, तितकी ओढ जास्त.

“पण काका, इतकी वर्षं झाली, तरी हे लोकांच्या लक्षात राहिलं असेल का?” त्याने विचारलं.

मी त्याला कवठ्याला घेऊन गेलो. त्या वरातीतला नवरदेव आता स्वतःच आबा झाला आहे. त्याला विचारलं, तुमच्या लग्नातलं गाणं आठवतं का? तो खाटेवर बसला होता. गुडघ्यावर बोटं आपटत त्याने त्या जाड तारेची चाल तोंडाने वाजवून दाखवली, अगदी बिनचूक, पहिल्या ठोक्यावर वजन टाकून. “बायकू गेली तवापासून म्हनलं न्हवतं,” तो म्हणाला. “पर जातंय कुठं? आत हाय ते.” सुमेधला उत्तर मिळालं आणि मला तोंड लपवायला जागा उरली नाही. येताना त्याने विचारलंच, की ती तबकडी कुठे आहे. मी बँडची, डोरीनची, हॉलची सगळी हकिगत सांगितली. तबकडी फुटली, असंही सांगितलं.

सुमेधने ती हकिगत त्याच्यासारख्या शौकिनांसाठी इंटरनेटवर लिहिली. सहा महिन्यांनी तो एका बाईंना घेऊन माझ्या दारात उभा राहिला. लिंडा नाव, पन्नाशीच्या जवळपासची. डोरीनची मुलगी. ऑस्ट्रेलियाहून आली होती आणि कॉलनीत आईच्या एका जुन्या मैत्रिणीकडे उतरली होती. ती इंग्रजीत बोलत होती, सुमेध मराठीत सांगत होता.

डोरीन जिवंत होती. पण तिची आठवण विरत चालली होती. नातवंडांची नावं गेली, घराचा पत्ता गेला. एकच गोष्ट ती रोज सांगायची, की मी दौंडला गायचे आणि माझी तबकडी निघाली होती. घरात ती तबकडी कुणी कधी पाहिली नव्हती. लिंडाने आईला कधी गाताना ऐकलं नव्हतं. तिचा भाऊ म्हणायचा, म्हातारीच्या मनाचे खेळ आहेत, हो म्हणावं आणि सोडून द्यावं. डॉक्टरही तसंच म्हणाले होते. लिंडाला ते पटत नव्हतं आणि आईला खोटं पाडणाऱ्या घरात आईचे शेवटचे दिवस जाऊ नयेत, एवढ्यासाठी ती समुद्र ओलांडून आली होती.

“अंकल,” ती म्हणाली आणि पुढचं सुमेधने सांगितलं, “त्या विचारताहेत, की फुटलेला एखादा तुकडा तरी कुणाकडे असेल का?”

तोच प्रश्न. आणि काय सांगू, माझ्या तोंडातून उत्तरही तेच निघालं. “नाही. फेकून दिली.”

शकीलाने चहाचा ट्रे टेबलावर ठेवला. जरा जोरातच. मला म्हणाली, “इतकी वर्षं धूळ मी पुसतेय. फेकलेल्या वस्तूची कुणी पुसतं का?” आणि कपाटाची किल्ली माझ्यासमोर ठेवली.

मी उठलो, खालच्या कप्प्यातून ती काढली आणि लिंडाच्या हातात दिली. मग सगळं सांगितलं. सुमेध मध्येच भाषांतर करायचा थांबला, मी म्हणालो, “सांग बाळा, सगळं सांग.” लिंडा तबकडीवरचा कागद नखाने सोलून बघायला लागली.  शकीलाने कोमट पाण्यात फडकं भिजवून आणलं. ‘घोडी’चा कागद हळूहळू सुटला. खाली छापलेलं होतं गाण्याचं नाव, आणि त्याखाली डोरीनचं. लिंडाने त्यावर बोट ठेवलं आणि ती रडायला लागली. आई खरं बोलत होती.

सुमेधने पिशवीतून आपलं छोटं यंत्र काढलं. लिंडाने आईला फोन लावला, समोर चेहरा दिसतो तसा. तिकडे दुपारची जेवणं झाली होती. खुर्चीत एक वाळलेली म्हातारी बसली होती, नजर कुठेतरी भिंतीवर. सुमेधने सुई टेकवली.

खरखर. वाळूत चालल्यासारखी नुसती खरखर. फार दूर कुठेतरी कुणी ओरडत असावं, एवढाच भास. ड्रम नाही, तार नाही, डोरीन नाही. सुमेधने तबकडी उजेडात धरली. रेघा पांढऱ्या पडल्या होत्या.

“काका, सुईवर काही ठेवत होता का?”

“नट,” मी म्हणालो. “सायकलचा.”

त्याने डोकं धरलं. मग त्याने समजावलं. तबकडीतल्या रेघेतच आवाज असतो आणि सुई त्यावरून अलगद जायला हवी. नटाच्या वजनाने ती दर वेळी आवाज खरवडून काढत होती. ज्या नटाचा मी आयुष्यभर गर्व केला, त्याने तिचा आवाज पार खाऊन टाकला होता. मी चोरलेली वस्तू परत देत होतो आणि ती रिकामी होती. फोनमधली म्हातारी भिंतीकडेच बघत होती. लिंडा फोन बंद करायला निघाली.

“पलटा ना,” शकीला म्हणाली. “दुसरी बाजू असेल की.”

सुमेधने तबकडी उलटी केली. कागदावर माझ्या अक्षरात ‘नको’. तो कागद सोलायला कुणी थांबलं नाही. सुई टेकली.

एक स्वच्छ शांतता आली. मग गिटार, अगदी हळू. मग डोरीन. इतकी जवळ, की शकीलाने मागे वळून दाराकडे बघितलं. मी कधीच न वाजवलेली ती बाजू, नटाच्या वाऱ्यालाही उभी न राहिलेली. गाणं एका टेलिफोन ऑपरेटरचं होतं, सुमेध हलक्या आवाजात सांगत होता. ती सगळ्या गावाचे फोन जोडून देते, आईला मुलाशी, नवऱ्याला बायकोशी, आणि तिच्यासाठी मात्र कधी घंटी वाजत नाही. मला शब्दांची गरज नव्हती. पाना हातात धरून उभा होतो तेव्हाही नव्हती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही.

फोनमधली मान वळली. ओठ हलायला लागले. दुसऱ्या कडव्याला म्हातारी डोरीन तरुण डोरीनच्या मागून गायला लागली, आवाज फाटका, पण जागा बरोबर. लिंडाने तोंडावर हात दाबून धरला होता.

गाणं संपलं. मी फोनसमोर गेलो. “मॅडम,” म्हणालो, “मैं बाबू. स्पीकरवाला. टूटा नहीं था. मैं झूठ बोला.”

तिने माझ्याकडे बघितलं. तिला काय कळलं, काय नाही, ते अल्ला जाणे. मग ती हसली. तसंच, रुमालात तबकडी गुंडाळताना हसली होती तसं.

“संडे को वापस लाना हं, बाबू,” ती म्हणाली.

तो शुक्रवार होता. लिंडा तबकडी तेव्हाच घेऊन जायला निघाली होती, पण मी तिला म्हटलं, दोन दिवस राहू दे. शनिवारी मी ‘नको’चा कागद कोमट पाण्याने सोडवला. शकीलाने ट्रंकेतून एक धुवट रुमाल काढून दिला. रविवारी सकाळी सायकल काढली आणि सावकाश, खड्डे चुकवत कॉलनीत गेलो आणि तबकडी परत केली. एका लग्नापुरतीच नेली होती.